झडती घ्या, पण चेहरा कशासाठी? विमानतळावरची सुरक्षा आणि प्रवाशाचा खासगीपणा

नीराकाठ (धागाकर्ती)

विमानतळावरच्या सुरक्षेचा विषय निघाला की कुणीतरी "जीव महत्त्वाचा की खासगीपणा?" असं विचारतं आणि चर्चा तिथेच संपते. जीव महत्त्वाचा नाही असं कोण म्हणेल? पण आपल्याकडून जे जे मागितलं जातं ते सगळं खरोखर जीव वाचवण्यासाठीच मागितलं जातं का, हे कुणी विचारत नाही. म्हणून हा धागा.

आधी आपल्या जवळच्या तीन घटना बघू.

२३ जून १९८५. एअर इंडियाचं 'कनिष्क' आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं, ३२९ माणसं गेली. बॉम्ब ज्या बॅगेत होता ती 'एम. सिंग' या नावाने व्हँकुव्हरला चेक-इन झाली होती. त्या नावाचा प्रवासी विमानात चढलाच नाही, बॅग मात्र पुढे गेली. टोरांटोला एक्स-रे मशीन बंद पडलं होतं, म्हणून उरलेल्या बॅगा हातातल्या स्फोटकशोधक यंत्राने तपासल्या गेल्या.

५ सप्टेंबर १९८६. मुंबईहून निघालेलं पॅन ॲमचं विमान कराचीत अपहरणकर्त्यांच्या हाती पडलं. नीरजा भनोत त्यातच गेल्या. हल्लेखोर प्रवाशांच्या रांगेतून आलेच नव्हते. विमानतळ सुरक्षेच्या गणवेशात, तशीच सजवलेली गाडी घेऊन ते थेट विमानापाशी पोचले.

२४ डिसेंबर १९९९. इंडियन एअरलाइन्सच्या आयसी-८१४ विमानाचं अपहरण. काठमांडूच्या तपासणीतून शस्त्रं आत गेली आणि कंदाहारपर्यंतचा तो आठवडा देशाने पाहिला.

तिन्ही वेळा चूक वस्तू तपासण्यात किंवा आवाराच्या पहाऱ्यात झाली. त्यातून जे बदल झाले तेही त्याच दिशेचे होते: प्रवासी चढला नाही तर त्याची बॅग उतरवायची, नागरी विमान सुरक्षा ब्युरो १९८७ मध्ये स्वतंत्र विभाग, आणि फेब्रुवारी २००० पासून जयपूरने सुरुवात करून विमानतळ सीआयएसएफकडे (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे). या बदलांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. पट्टा काढा, लॅपटॉप ट्रेमध्ये ठेवा, हात पसरून उभ्या राहा, सगळं मान्य.

आता डिजियात्रा, म्हणजे चेहरा ओळखून विमानतळात प्रवेश देणारी ॲपवरची सोय. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसीला सुरू झाली, २०२३ मध्ये पुणे आणि मुंबईला आली. चेहरा दाखवा, दार उघडेल. पण चेहरा दाखवून आत गेल्यावर पुढे काय होतं? तीच रांग, तोच एक्स-रे, तीच अंगझडती. चेहरा दिला म्हणून झडतीतलं काही कमी होत नाही. म्हणजे चेहरा दिला तो प्रवेशदारावरची काही मिनिटं वाचवायला. ज्याला ती वाचवायची आहेत त्याने खुशाल द्यावा. माझा आक्षेप दोन गोष्टींना आहे: ही सोय सुरक्षेच्या नावाखाली गळी उतरवली जाते, आणि पुष्कळ ठिकाणी न विचारता उतरवली जाते.

जाणकारांनी लिहावं. विरोधी मतही हवंच आहे.

---

प्रवासवेडा

वाचतोय. मी डिजियात्रा पहिल्यापासून वापरतो आणि मला ती फार आवडते. सकाळच्या विमानांच्या वेळी मुंबईच्या दारावरची रांग ज्यांनी पाहिली आहे ते तक्रार करणार नाहीत. शिवाय फोनमध्ये चेहरा, बँकेत अंगठा, आधारला बुबुळं देऊन झाल्यावर विमानतळालाच नकार का?

---

नीराकाठ

फोन तुमचा आहे, चेहरा त्याच्यातच राहतो. आधारवर सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षं खल झाला आणि २०१८ च्या निकालाने त्याच्या वापराला मर्यादा घातल्या. विमानतळावरच्या चेहऱ्यासाठी तसा वेगळा कायदा कुठे आहे? एकीकडे दिलं म्हणून सगळीकडे द्यायचं हे मला पटत नाही.

---

सह्यवारा

मी विमानतळावर ग्राउंड हँडलिंगमध्ये आयुष्य काढून निवृत्त झालो. नीराताई, तुमची मांडणी बरीचशी बरोबर आहे, पण प्रवेशदाराला तुम्ही फार हलकं लेखलंत.

दारावरचा जवान तिकीट आणि ओळखपत्र बघतो ते शोभेसाठी नाही. रद्द केलेल्या तिकिटाची छापील प्रत किंवा फोनवर बदललेली पीडीएफ दाखवून आत शिरणारे लोक नेहमी सापडतात. बहुतेक जण बायकोला सोडायला, मुलाला निरोप द्यायला आलेले असतात. हेतू वाईट नसतो, पण गुन्हा नोंदवला जातो. जवानाला डोळ्यांनी खरं-खोटं तिकीट ओळखणं अशक्य. डिजियात्राच्या दारावर तिकीट थेट विमान कंपनीच्या यादीशी ताडून बघितलं जातं, त्यामुळे रद्द तिकीट तिथेच अडकतं. हा सुरक्षेचा फायदा आहे आणि तो मान्य करायला हवा.

आता आतल्या कामाबद्दल, कारण लोकांना ते दिसत नाही. एक्स-रेच्या पडद्यासमोर माणूस सलग साधारण २० मिनिटांपेक्षा जास्त बसवत नाहीत, नजर थकते म्हणून. सेंद्रिय वस्तू नारिंगी दिसते, धातू निळा. स्फोटक सेंद्रिय, तसा साबणही सेंद्रिय, चीजही सेंद्रिय. म्हणून बॅगेत गच्च भरलेली मिठाई आणि तिच्यावर चार्जरच्या वायरींचं भेंडोळं असलं की बॅग बाजूला काढली जाते. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत घेत नाहीत, कारण त्यात तेल भरपूर आणि ते पेट घेतं. गावाहून परतणारे लोक यावर वाद घालतात, पण त्यामागे कारण आहे.

बॅग उघडली की लोकांना अपमान वाटतो. मी एवढंच सांगेन की उघडणाऱ्याच्या मनात तुमच्याबद्दल काही नसतं. त्याला फक्त त्या पडद्यावरच्या काळ्या ठिपक्याचं उत्तर हवं असतं.

---

कोडकर

सह्यवारा काकांच्या रद्द तिकिटाच्या मुद्द्यावर: तिकीट विमान कंपनीच्या यादीशी ताडायला चेहरा लागत नाही. तिकिटावरचा बारकोड वाचणारं आणि यादीशी जोडलेलं यंत्र पुरतं. ते दारावर बसवा, शेजारी जवान ओळखपत्र बघेल. चेहरा हा त्यावरचा वेगळा थर आहे.

पण डिजियात्राबद्दल खोट्या गोष्टीही फिरतात, त्या आधी बाजूला करतो. तुमचा आधार-पडताळणी केलेला ओळखपुरावा आणि सेल्फी तुमच्याच फोनमधल्या वॉलेटमध्ये राहतात. सगळ्या देशाचे चेहरे एका जागी साठवलेत अशी तिची रचना नाही. प्रवासाआधी तुम्ही बोर्डिंग पासासोबत ती माहिती त्या विमानतळाला पाठवता, आणि विमान सुटल्यापासून २४ तासांत ती पुसायची असा नियम आहे. ही रचना विचारपूर्वक केलेली आहे.

माझी काळजी वेगळी आहे. ती माहिती पुसली गेली हे बघणारं बाहेरचं कोण? 'डिजियात्रा फाउंडेशन' ही ना-नफा कंपनी आहे. त्यात विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के, उरलेला दिल्ली, मुंबई, बंगळुरू, हैदराबाद आणि कोची या पाच विमानतळांच्या कंपन्यांचा. डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनने माहिती अधिकारात विचारणा केली तेव्हा ही संस्था त्या कायद्याखाली येत नाही असं उत्तर मिळालं. म्हणजे काम सार्वजनिक जागेवर, सरकारी धोरणानुसार, आधारच्या जोरावर, आणि प्रश्न विचारायची वेळ आली की खासगी कंपनी.

२०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये जुनं ॲप काढून नवं घ्या असं सगळ्यांना सांगितलं गेलं होतं, आठवतंय का? जुनं ॲप बनवणाऱ्या कंपनीशी फाउंडेशनचं फाटलं होतं, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेलं. प्रवाशाला मात्र 'सुधारित ॲप आलंय' एवढंच कळलं. ज्याच्याकडे लोक चेहरा देतात त्याने असं प्रकरण स्वतःहून स्पष्ट सांगायला हवं होतं.

---

गोदाताई

मी नाशिकची. आईचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. दारासारख्या मेटल डिटेक्टरमधून ती गेली की तो वाजतो, वाजणारच. मग पडद्याआड नेतात, महिला जवान हातातलं यंत्र फिरवते, गुडघ्यापाशी ते किंचाळतं, मग हाताने चाचपून बघतात. आई हे सगळं मुकाट्याने करून घेते. एकदा साडी वर घेऊन शस्त्रक्रियेची खूण दाखवायला लावली. केबिनचा पडदा अर्धवट होता आणि बाहेर रांग उभी होती. पडदा नीट ओढा एवढंच मी म्हणाले, तर "पटकन करा, मागे लोक आहेत" असं उत्तर आलं. ती कुठल्या विमानतळावरची गोष्ट ते लिहीत नाही, कारण एका बाईचा प्रश्न नाहीच.

आमच्याकडे डॉक्टरांचं कार्ड असतं, पण त्या कार्डावर कुणी विश्वास ठेवत नाही आणि ते मला कळतं. कार्ड कुणीही छापेल. तपासा, पण पडदा पूर्ण ओढा.

---

सह्यवारा

गोदाताई, कार्डाबद्दल तुम्ही बरोबर बोललात. कार्डाचा उपयोग एवढाच की जवानाला आधीच कळतं यंत्र कुठे वाजणार. आईंना यंत्रातून जाण्यापूर्वीच मोठ्याने सांगायला सांगा की दोन्ही गुडघे बदललेत. वाजल्यावर सांगितलं तर ते सबबीसारखं वाटतं. पेसमेकर असेल तर तो आधी सांगणं अत्यंत आवश्यक आहे. हातातलं यंत्र त्यावर धरून ठेवायचं नसतं.

---

पाऊलखुणा

उजवा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे. इथे बोलल्याशिवाय राहवत नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये अभिनेत्री आणि नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी पंतप्रधानांना उद्देशून व्हिडिओ केला होता. दर वेळी कृत्रिम पाय काढून दाखवायला लावतात, असं त्या सांगत होत्या. सीआयएसएफने माफी मागितली. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जीजा घोष (विमानातून उतरवल्या गेलेल्या अपंग कार्यकर्त्या) प्रकरणात स्पष्ट म्हटलं की कृत्रिम अवयव असलेल्या प्रवाशाला तो काढायला लावू नये, आणि अपंग प्रवाशाला त्याच्या संमतीशिवाय उचलणं अमानवी आहे.

पाय काढणं म्हणजे काय ते ज्याने केलं नाही त्याला सांगतो. सॉकेटच्या आत मोजा असतो, लाइनर असतो, तो नीट बसवायला वेळ लागतो. घाईने परत चढवला की जखम होते आणि पुढचे कितीतरी दिवस चालता येत नाही. म्हणजे दोन मिनिटांच्या तपासणीची किंमत मी घरी जाऊन मोजतो. आणि त्यातून कळतं काय? एक्स-रेमध्ये पाय टाकला तरी आतला नळ्यांचा सांगाडा दिसतो, संशय फिटत नाही तो नाहीच.

याला उपाय आहे. स्फोटकांचे कण शोधणारं ईटीडी यंत्र. कापडाची पट्टी पायावर, बुटावर, हातावर फिरवतात आणि यंत्रात घालतात, काही सेकंदांत उत्तर येतं. कपडा काढावा लागत नाही. माझ्या अनुभवात जिथे हे यंत्र वापरतात तिथे मी माणसासारखा आत जातो, आणि जिथे ते कोपऱ्यात झाकून ठेवलेलं असतं तिथे मला खुर्चीवर बसवून पाय मागतात. या धाग्यावर 'सुरक्षा की सन्मान' असं लिहिणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं की माझ्या बाबतीत जास्त सुरक्षित पद्धत आणि जास्त सन्मानाची पद्धत एकच आहे. स्फोटक सापडायचंच असेल तर ते पट्टीवर सापडेल, उघड्या पायाकडे बघून नाही.

---

गोदाताई

पाऊलखुणा, वाचून गलबलून आलं. आईसाठीही पुढच्या वेळी ईटीडीने तपासा म्हणून सांगेन.

---

कोडकर

ईटीडीबद्दल एक भर. ते यंत्र खोटा इशाराही देऊ शकतं. काही खतांमध्ये आणि स्फोटकांमध्ये सारखी रसायनं असतात, ग्लिसरीन असलेल्या क्रीमनेही कधी इशारा येतो. शेतावरून थेट विमानतळावर आलेल्या माणसाच्या हातावर खताचा अंश असू शकतो. इशारा आला म्हणजे माणूस दोषी नाही, पुन्हा तपासायचं एवढाच त्याचा अर्थ. हे शिकवलं गेलं पाहिजे.

---

हडसनकाठी

न्यू जर्सीहून. इथला इतिहास मुद्दाम लिहितो, कारण भारतातही पूर्ण शरीर स्कॅनर येत आहेत. नागरी विमान सुरक्षा ब्युरोने एप्रिल २०१९ मध्येच अतिसंवेदनशील आणि संवेदनशील विमानतळांवर ते बसवायचे आदेश काढले होते.

डिसेंबर २००९ च्या नाताळात एका तरुणाने अंतर्वस्त्रात लपवलेलं स्फोटक डेट्रॉइटला येणाऱ्या विमानात पेटवायचा प्रयत्न केला. धातू नसल्यामुळे मेटल डिटेक्टर ते पकडू शकत नव्हता. २०१० मध्ये टीएसएने (अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षा यंत्रणेने) धडाधड बॉडी स्कॅनर बसवले. त्यातल्या एका प्रकारात कपड्यांखालच्या शरीराची आकृती पडद्यावर जवळजवळ जशीच्या तशी दिसायची. प्रचंड विरोध झाला. लोक कोर्टात गेले. २०११ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने म्हटलं की स्कॅनर वापरायला हरकत नाही, पण जनतेची मतं मागवण्याची कायदेशीर पायरी टीएसएने गाळली, ती पूर्ण करा. काँग्रेसने कायदा केला की पडद्यावर खऱ्या शरीराऐवजी सरसकट एकसारखी बाहुली दिसली पाहिजे, आणि संशयाची जागा तिच्यावर चौकोनाने दाखवायची. क्ष-किरणांच्या यंत्रांना ते सॉफ्टवेअर वेळेत जमलं नाही, म्हणून २०१३ मध्ये ती सगळी काढून टाकली. मिलिमीटर लहरींची राहिली.

आता बघा, बाहुली आल्याने सुरक्षा कमी झाली का? नाही. पडद्यामागे बसून कुणी तुमचं शरीर बघावं याची गरजच उरली नाही. विरोध झाला नसता तर हे झालंच नसतं.

अजूनही नको असेल तर स्कॅनर नाकारून हाताने झडती मागता येते. ती बंद खोलीत मागता येते आणि सोबत आपलं माणूस नेता येतं. आपल्याकडचे आईवडील इथे आले की मी त्यांना हे आधीच सांगून ठेवतो. साडी, जाड अंबाडा, गळ्यातला दोरा, या सगळ्यावर ते यंत्र अडखळतं. डिसेंबर २०१० मध्ये भारताच्या तेव्हाच्या राजदूत मीरा शंकर यांची मिसिसिपीतल्या जॅक्सन विमानतळावर अंगझडती झाली, त्या साडीत होत्या. आपलं परराष्ट्र खातं तेव्हा चिडलं होतं. राजदूतासाठी चिडलं याचा आनंद आहेच, पण साडीतल्या बाकीच्या बायकांची झडती तशीच चालू राहिली.

---

प्रवासवेडा

हडसनकाठी, मग एक प्रश्न. इतकं करून उपयोग होतो का?

---

हडसनकाठी

२०१५ मध्ये त्यांच्याच गृहसुरक्षा खात्याच्या महानिरीक्षकाच्या लोकांनी वेष बदलून चाचणी घेतली. नकली शस्त्रं आणि स्फोटकं घेऊन ७० वेळा आत जायचा प्रयत्न केला, ६७ वेळा यशस्वी झाले. टीएसएच्या तेव्हाच्या प्रभारी प्रमुखाला हटवलं गेलं. अशा चाचण्या होतात आणि त्यांचा निकाल बाहेर येतो हे मला त्या व्यवस्थेतलं सगळ्यात चांगलं अंग वाटतं. बूट काढण्याची सक्तीही २००१ च्या बूट-बॉम्बच्या प्रयत्नानंतर पुढे वर्षानुवर्षं चालली आणि जुलै २०२५ मध्ये उठवली. एकदा आलेला नियम परत जायला एवढी वर्षं लागतात.

---

भीमथडी

मला वेगळं म्हणायचं आहे. सगळ्यांना सारखं छळण्यापेक्षा इस्रायलसारखं करा. माणूस बघा, दोन प्रश्न विचारा, संशय आला तर अडवा. १७ एप्रिल १९८६ ला लंडनच्या हीथ्रोवर इस्रायलच्या एल अल विमान कंपनीच्या लोकांनी एका गरोदर आयरिश बाईला प्रश्न विचारून पकडलं. विमानतळाच्या नेहमीच्या तपासणीतून तिची बॅग पास झाली होती, तळाशी स्फोटक होतं. तिच्या मित्राने तिला न सांगता ते ठेवलं होतं. यंत्राने नाही, माणसाने शोधलं.

---

ॲड_कृष्णाई

भीमथडी, उदाहरण अगदी योग्य आहे, फक्त त्यातून निघणारा अर्थ उलटा आहे. ती बाई कुठल्याच 'संशयित' वर्णनात बसत नव्हती. गोरी, गरोदर, आयरिश. ती पकडली गेली कारण तिला कुठे जातेस, कुठे उतरणार, एकटी का, हे विचारलं आणि उत्तरं जुळेनात. प्रश्न सगळ्यांना विचारा, माझी ना नाही. पण प्रत्यक्षात 'माणूस बघा' याचा अर्थ नाव बघा, दाढी बघा असा होतो. इस्रायलच्या अरब नागरिकांनी तेल अवीवच्या बेन गुरियन विमानतळावरच्या वागणुकीविरुद्ध तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला तो याचसाठी. आपल्याकडे ती पद्धत आली तर कुणाला बाजूला काढतील हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे.

आता कायद्याचं थोडं.

२४ ऑगस्ट २०१७, सर्वोच्च न्यायालयाचा पुट्टस्वामी निकाल, नऊ न्यायाधीश, एकमत. खासगीपणा हा मूलभूत हक्क. सरकारला त्यावर बंधन घालता येतं, पण कायद्याचा आधार हवा, उद्देश रास्त हवा, आणि उपाय त्या उद्देशाच्या प्रमाणात हवा. विमानतळावरची झडती या कसोटीला उतरते असं माझं स्पष्ट मत आहे. विमान नियमांचा आधार आहे, उद्देशाबद्दल शंका नाही, आणि झडती संपली की संपते. तुमच्या खिशात काय होतं त्याची नोंद कुणी ठेवत नाही.

डिजियात्रा ऐच्छिक आहे असं मंत्रालय वारंवार सांगतं, आणि सगळं त्या एका शब्दावर उभं आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असली पाहिजे असं लिहिलं आहे. रांगेत उभ्या प्रवाशाचा बोर्डिंग पास कर्मचाऱ्याने स्वतःच घेऊन यंत्राखाली धरायचा आणि "इकडे बघा" म्हणायचं, यात यातलं एकही विशेषण बसत नाही. त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला १८ महिने दिले आहेत. शिवाय कलम १७ खाली सरकार आपल्या यंत्रणांना देशाच्या सुरक्षेसारख्या कारणांसाठी कायद्यातून वगळू शकतं.

अजून एक बाब बहुतेकांच्या ध्यानात नसते. ऑगस्ट २०२२ च्या नियमांनुसार आंतरराष्ट्रीय प्रवाशांची बुकिंगची माहिती विमान कंपन्यांनी सीमाशुल्क खात्याला उड्डाणाच्या २४ तास आधी द्यायची असते: नाव, संपर्क, पैसे कसे भरले, सामान किती. ती पाच वर्षं ठेवता येते. तिथे संमतीचा प्रश्नच नाही. पण निदान ते अधिसूचित नियम आहेत, कुणालाही वाचता येतात, न्यायालयात आव्हान देता येतं. चेहऱ्याच्या बाबतीत मला तेवढंच हवं आहे.

---

प्रवासवेडा

कृष्णाईताई, पण २४ तासांत पुसतात ना? मग भीती कसली?

---

ॲड_कृष्णाई

तो नियम त्यांनी स्वतःवर घालून घेतला आहे, तो ते बदलूही शकतात. २०१८ च्या मूळ धोरणातच सुरक्षा आणि इतर सरकारी यंत्रणांना प्रचलित पद्धतीनुसार माहिती देण्याची वाट ठेवलेली होती. डिसेंबर २०२४ मध्ये आयकर खातं ही माहिती वापरणार अशी बातमी आली, खात्याने आणि मंत्रालयाने ती नाकारली. नाकारली हे चांगलंच झालं. पण तसं करायला मनाई करणारं एखादं कलम दाखवता आलं असतं तर नुसत्या खुलाशावर विसंबावं लागलं नसतं.

---

हडसनकाठी

आणि पुसायचा नियम असूनही काय होतं त्याचं इथलं उदाहरण. २०१९ मध्ये अमेरिकेच्या सीमा खात्याच्या एका उपकंत्राटदाराने चेहरा ओळखण्याच्या प्रयोगातली छायाचित्रं परवानगीशिवाय स्वतःच्या संगणकांवर उतरवून घेतली आणि तिथे चोरी झाली. पुढच्या सरकारी अहवालात सुमारे १,८४,००० छायाचित्रांचा आकडा आला. काही इंटरनेटच्या काळ्या बाजारात दिसली. ते विमानतळावरचं नव्हे, जमिनीवरच्या सीमा-चौकीवरचं प्रकरण होतं, पण गळती कंत्राटदाराकडूनच झाली. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, चेहऱ्याचं तसं नाही.

---

वैनगंगा

सगळे प्रतिसाद वाचले. माझी धाकटी बहीण सीआयएसएफमध्ये आहे, विमानतळावरच असते. तिच्या बाजूने कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

दिवसभर ती अनोळखी बायकांच्या अंगाला हात लावते. कुणाला गुदगुल्या होतात, कुणी रागाने बघतं, कुणी "हात धुतले का" विचारतं. पुरुषांच्या चार रांगा असतात तिथे बायकांची एकच असते, म्हणून सगळ्या बायका आधीच वैतागून तिच्यापाशी पोचतात. गोदाताईंना "पटकन करा" असं जे ऐकावं लागलं ते चूकच, पण ते कुठून येतं ते मला माहीत आहे. बायकांसाठी केबिन वाढवा, महिला जवान वाढवा. पडदा आपोआप नीट ओढला जाईल, कारण ओढायला वेळ असेल. चेहऱ्याच्या दारांवर जेवढा खर्च झाला त्यातला काही इकडे आला असता तर प्रवाशालाही बरं झालं असतं आणि तिलाही.

अवांतर, पण तपासणीतून सूट असलेल्यांची यादी विमानतळावर लावलेली असते. राष्ट्रपती, पंतप्रधान ठीक आहे. खाली राज्यपाल, मुख्यमंत्री, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश अशी ती वाढत जाते. ज्यांनी नियम करायचे आणि ज्यांनी ते तपासायचे, त्यांच्यापैकी अनेकांना त्या केबिनमध्ये कधी उभं राहावंच लागत नाही.

---

सह्यवारा

वैनगंगा, अवांतर मुळीच नाही. पूर्ण सहमत.

---

भीमथडी

कृष्णाईताईंचा मुद्दा पटला. प्रश्न सगळ्यांना, नाव बघून नाही, एवढी दुरुस्ती माझ्या प्रतिसादात धरावी.

---

नीराकाठ

सगळ्यांचे आभार. सह्यवारा काका, रद्द तिकिटाचा मुद्दा मी धरला नव्हता, तो आता विचारात घेतला. बारकोडच्या यंत्राने तो सुटतो असं कोडकर म्हणतात, त्यावर तुमचं मत हवं आहे.

मी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाला आणि डिजियात्रा फाउंडेशनच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र लिहिते आहे. मसुदा असा:

चेहऱ्याच्या प्रत्येक दारावर, दिसेल अशा आकारात, मराठीसह स्थानिक भाषेत लिहा की हे ऐच्छिक आहे आणि ओळखपत्राची रांग कुठे आहे. ती रांग चालू ठेवा, तिथे पुरेशी माणसं ठेवा, नाहीतर ऐच्छिक म्हणण्यात अर्थ नाही. प्रवाशाच्या हातून बोर्डिंग पास घेऊन नोंदणी करणं बंद करा. माहिती पुसली जाते की नाही याची तपासणी बाहेरच्या संस्थेकडून करून अहवाल जाहीर करा, आणि संस्थेला माहिती अधिकाराखाली आणा. दुसऱ्या कुठल्याही खात्याला ही माहिती देण्यास मनाई करणारं कलम नियमांत घाला.

---

सह्यवारा

बारकोडने काम होतं. दोन्ही रांगांना तो लावा, म्हणजे जवानाचं कामही सोपं होईल. पत्रावर माझं नाव घाला, विमानतळावर काम केलेला माणूस म्हणून.

---

ॲड_कृष्णाई

मसुदा चांगला आहे. पुट्टस्वामीचा उल्लेख पहिल्या परिच्छेदात घ्या. फाउंडेशनकडून उत्तर आलं नाही तर मंत्रालयाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा, मंत्रालय त्या कायद्याखाली येतंच: विमानतळ प्राधिकरणाच्या २६ टक्क्यांपोटी आजवर कुठले लेखापरीक्षण अहवाल मिळाले, एवढाच प्रश्न. अर्ज मी तयार करून देते.

---

पाऊलखुणा

ताई, हे पत्र चेहऱ्याबद्दल आहे ते ठीक, पण एक प्रत नागरी विमान सुरक्षा ब्युरोलाही पाठवा आणि त्यात गोदाताईंच्या आईंचा आणि माझा मुद्दा घाला. प्रत्येक तपासणी रांगेत चालू अवस्थेतलं ईटीडी, पूर्ण बंद होणारा पडदा, आणि डिसेंबर २०२१ चं सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं जवानाला दिसेल असं तिथे लावलेलं. सहीला मी तयार आहे. पुढच्या महिन्यात प्रवास आहे, तेव्हा कुठे यंत्र होतं आणि कुठे नव्हतं ते इथेच येऊन लिहितो.